पाच दिवस अलीकडचा पाऊस

शिरूर अनंतपाळ,
रविवार, ५ जानेवारी २०२५
नऊपर्यंत धुकं. वारा नाही. तुरीच्या राशी चालू.

चि. शिवानी हिस,

शरणार्थ. तुझी निमंत्रणपत्रिका काल पोचली. ८ फेब्रुवारीला नांदेडला विद्यापीठात चर्चासत्र, त्यात तुझा निबंध, आणि शेवटी 'रोजनाम्याचे वारस श्री. मन्मथअप्पा यांचा सत्कार'. पोटच्या पोरीनं बापाला वारस म्हणून बोलावल्याचं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं. पाकिटावरचा पत्तासुद्धा छापलेला. साडेसहा वर्षांनी काहीतरी पाठवलंस, निदान पत्ता तरी हातानं लिहायचा. असो. राग नाही. तुझ्या आईला तर इतका आनंद झाला की तिनं पत्रिका देवघरात नेऊन ठेवली.

माहिती बरोबर छापली आहे. माझे आजोबा ईश्वरप्पा यांनी फसली १३२१ पासून, म्हणजे इंग्रजी १९१२ पासून, रोज एक नोंद ठेवली. आभाळ कसं, वारा कुठला, पाऊस किती बोटं, आणि घरात-गावात काय घडलं. त्यांच्यानंतर माझे वडील, मग मी; आईनं तुझ्याकडं पाठवलेल्या वह्यांत ते आहेच. हे सगळं खरं. पण 'एकशे तेरा वर्षांत एकही दिवस कोरा नाही' हे वाक्य जरा जास्तच झालं. काढता आलं तर काढ.

दुसरं एक. २०१८ च्या पावसाळ्यावर फार भिस्त ठेवू नकोस. त्या वर्षी माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि पाऊस मोजायच्या काठीवरच्या खुणा मला नीट दिसत नव्हत्या. एवढंच सांगायचं होतं. फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र.

तुझा,
अप्पा


रविवार, १२ जानेवारी २०२५
थंडी कमी. दुपारी पूर्वेचा वारा. आंब्याला मोहोर.

चि. शिवानी,

काल पेपरात तुझा फोटो आला. 'सत्त्याऐंशी वर्षांनी तोच पाऊस, पण पाच दिवस आधी!' असा मथळा. मी दुकानात कापड मोजत होतो, हातातला मीटर तसाच राहिला.

बातमी तीनदा वाचली. तुला १९३१ चा आणि २०१८ चा पावसाळा जुळलेला सापडला. कोणत्या दिवशी कोरडं, कोणत्या दिवशी दीड बोट, कोणत्या दिवशी वावटळ, ओळीनं तसंच. फरक एवढाच की २०१८ मध्ये सगळं साधारण पाच दिवस लवकर. मोसमी पाऊस सरकल्याचा असा घरगुती पुरावा आजवर कुणाच्या हाती लागला नव्हता, असं तू म्हटलंयस. तुझे सर म्हणतात की तुझी पदवी या एका निबंधावर उभी राहणार.

शिवानी, ते वर्ष काढून टाक. मागच्या पत्रात मी मोतीबिंदूचं लिहिलं, पण खरं कारण वेगळं आहे. त्या वर्षीची वही भिजली होती. चिठ्ठ्याचपाट्यांवरून मी ती पुन्हा लिहून काढली. त्यात दिवस इकडचे तिकडे झाले असतील. मी म्हातारा माणूस, माझ्या चिठ्ठ्यांवर तू पदवी उभी करू नकोस.

इथं लोक अभिनंदन करायला येतात आणि मला घाम फुटतो. परवा दुकानाचं जुनं गिऱ्हाईक शेषेराव आला. म्हणाला, "अप्पा, औंदा मी मिरगाची वाट बघत न्हाई. पाच दिवस आधी पेरतो. तुमच्या पोरीनं शास्त्रच काढलंय ना." मी म्हटलं, "अरे, घाई करू नको." तर म्हणे, "तुमच्या आज्याच्या वहीत हाय, मग खोटं कसं असंल?" त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. त्याचं सोयाबीन करपलं तर पाप कुणाच्या माथी?

पेरणीला अजून वेळ आहे, पण तुझं चर्चासत्र चार आठवड्यांवर आलंय. लगेच कळव.

अप्पा


रविवार, १९ जानेवारी २०२५
आभाळ स्वच्छ. बाकी काही लिहावंसं वाटत नाही.

शिवानी,

तुझं उत्तर आईकडून मिळालं. ती फोन घेऊन अंगणात गेली होती, आत येऊन मला म्हणाली, "पोरगी म्हणून राहिली, अप्पांना म्हणावं माझ्या कामात पाय घालायची सवय अजून गेली न्हाई का? वही काकांच्या श्रीशैलला दिली, आता पाऊस पण त्यालाच द्यायचा हाय का?"

मला लागलं. मग वाटलं, तुला दुसरं काय वाटणार? मी एकदा डोळ्यांचं सांगतो, एकदा वही भिजल्याचं सांगतो, आणि दोन्ही वेळा म्हणतो की तुझा शोध काढून टाक. माझ्यासारख्या बापाकडून असं पत्र आलं तर कुठलीही शहाणी पोरगी हेच समजेल.

डोळ्यांचं खोटं होतं. वहीचंही खोटं होतं. वही कधी भिजली नाही. आज एवढंच लिहितो. हे पत्र तुझ्या आईनं पाहू नये असं वाटतं.

अप्पा


शुक्रवार, २४ जानेवारी २०२५
ढगाळ. थेंब नाही.

शिवानी,

हे पत्र पोस्टानं पाठवत नाही. श्रीशैल उद्या नांदेडला येतोय, तो तुझ्या हातात देईल. त्याला आत काय आहे ते माहीत नाही. दोन आठवडे उरलेत आणि आता लपवण्यात अर्थ नाही.

परवा खाजामियाँ आले. तुला आठवतात ना, उर्दू शाळेतले निवृत्त मास्तर. आजोबांच्या उर्दूतल्या सगळ्या नोंदी त्यांनीच वडिलांना मराठीत उतरवून दिल्या, त्या वह्यांवरच तुझं काम चाललंय. आता एक्याऐंशी वर्षांचे आहेत, पण डोकं लख्ख. पेपर घेऊन आले, बाकावर बसले आणि बोटं मोजायला लागले. आजूर, दै, बहमन... निजामाच्या वेळचे फसली महिने.

"अप्पा," ते म्हणाले, "हे पाच दिवस कुठून आले, मालूम हाय का तुम्हाला?"

मी म्हटलं, "पोरीचा शोध आहे, मला काय समजतं?"

"फसलीचा अमरदाद महिना इंग्रजी जूनच्या पाच-सहा तारखेला लागतो. तुमच्या वडिलांनी वहीच्या पुठ्ठ्यावर अंदाजानं लिहून ठेवलंय, 'अमरदाद म्हणजे जून'. कुणी ते बघून अमरदादची पहिली नोंद एक जूनला टाकली, तर पाऊस पाच दिवस आधीच येणार." मग पेपर बाकावर ठेवला. "झूट बोलायचं होतं तर आपल्या पदरचं बोलायचं अप्पा, आजोबाचं कायको उचललं?"

दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याला उद्या ये म्हटलं.

हो, मीच. २०१८ चे जून ते सप्टेंबर मी आजोबांच्या १३४० फसलीच्या, म्हणजे १९३१ च्या, वहीतून उतरवून काढले. आभाळ त्यांचं, वारा त्यांचा, बोटं त्यांची. खाली आपले दोन शब्द जोडले, 'दुकानात गर्दी', 'पाहुणे येऊन गेले', म्हणजे वही खरी दिसावी. तू फसली तारखा नीट इंग्रजीत बदलल्यास, तुझं गणित बरोबर. मी आळशासारखा एकाला एक लावलं. तुला जो सरकलेला पाऊस सापडला, तो माझा आळस आहे.

आता का, तेही सांगतो. त्या वर्षीच्या अक्षय्य तृतीयेला वही पुढच्या पिढीच्या हाती द्यायची होती. स्वामी आले होते, विभूती लावली, पान-सुपारी ठेवली, आणि मी वही श्रीशैलच्या हातात दिली, कारण तो भावाचा का होईना, घरचा मुलगा होता. तू दारात उभी होतीस, हातात ती खुणांची काठी. अकराव्या वर्षापासून गच्चीवरच्या पितळी वाटीत काठी घालून पाऊस तूच मोजायचीस आणि बोटं मला खाली ओरडून सांगायचीस. मी फक्त लिहीत होतो. गावात मात्र सांगत होतो की मी मोजतो. तू एकच वाक्य बोललीस, "अप्पा, मग पाऊस पण त्यालाच मोजू द्या," आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं नांदेडला गेलीस.

श्रीशैलनं दहा जूनला वही परत आणली. म्हणाला, "काका, मला न्हाई जमत. सकाळी सातला लातूरला जाऊन राहिलो मी, पाऊस कोण मोजंल?" मेअखेरपर्यंतचं मीच लिहिलं होतं, पुढं त्यानं एकही ओळ लिहिली नव्हती. त्याला बोल लावू नकोस, त्यानं निदान खरं सांगितलं.

मला वाटलं, त्यात काय, मीच गच्चीवर जाईन. गेलो नाही. वाटी तू ठेवली होतीस तिथंच पालथी होती, ती सुलटी करायला माझा हात गेला नाही. आधी आठ दिवस कोरे राहिले, मग वीस, मग लाज वाटायला लागली आणि वही कपाटात ठेवून दिली. पाऊस पडायचा तेव्हा मी रेडिओ मोठा करायचो. तुला हसू येईल, पण चार महिने मी पावसाला भिऊन होतो.

दसऱ्याला वही पूजेला मांडतात. घरातली सगळी माणसं हळदकुंकू वाहायला येतात आणि कुणीतरी उघडून मागची पानं चाळतंच. कोऱ्या पानांवर हळदकुंकू वाहायचं? तीन दुपारी दुकानात बसून मी चार महिने भरून काढले. तुझ्या आईनं पूजा केली, सगळ्यांनी नमस्कार केला. मला वाटलं, कुणाचं काय बिघडलं? आजोबांचा पाऊस आजोबांच्याच घरात राहिला.

बिघडलं ते तुझं. निबंध वाचलास आणि कुणी तहसीलच्या पर्जन्यमापकाचा आकडा काढून ताडून पाहिला, तर खोटारडी तू ठरशील. आणि कुणी पाहिलाच नाही, तर शेषेराव पाच दिवस आधी पेरेल. दोन्हींतलं जास्त वाईट काय, ते मला ठरवता येत नाही. तुला जे करायचं ते कर. माझं नाव सांगायचं असेल तर सांग. मी येणार नव्हतो, पण तू म्हणशील तर येईन.

अप्पा


रविवार, २ फेब्रुवारी २०२५
ऊन चढायला लागलं. वारा पश्चिमेचा, थोडा.

शिवानी,

श्रीशैलला मी चार वेळा विचारलं. त्यानं चार वेळा तेच सांगितलं. "काका, तिनं फाटकात उभं राहूनच वाचलं. वाचून झाल्यावर घडी घातली. मला म्हणाली, जेवलास का? मी हाव म्हटलं. मग ती आत गेली."

रडली का? नाही. चिडली का? नाही. काहीच बोलली नाही? नाही. अरे, तोंड तरी कसं झालं होतं? "काका, मी काय तिच्या तोंडाचा फोटो काढत होतो का?"

आठ दिवस झाले. रोज पोस्टमनची वाट बघतो आणि तो मान हलवून पुढं जातो. फोन वाजला की तुझ्या आईच्या आधी मी उठतो, मग तिच्याच हातात देतो. शेवटी तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, बोल बोल बोलेल. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. नंतर म्हणाली, "वाटी पालथी होती म्हणून मी पण त्या वर्षी गच्चीवर वाळवण घातलं न्हाई. तुमच्या ध्यानात आलं होतं का?" नव्हतं आलं. एका घरात राहून मला माहीत नव्हतं की तीही तिकडं जात नव्हती.

मी शनिवारी येतोय. तू नको म्हणालेली नाहीस. तेवढ्यावर येतोय.

अप्पा


मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५
ऊन. उकाडा.

शिवानी,

त्या दिवशी तुझ्याशी धड बोलता आलं नाही. तेव्हा जे राहिलं ते लिहितो.

सभागृहात तिसऱ्या रांगेत मी आणि तुझी आई बसलो होतो. तू स्लाईड लावलीस, १९३१ आणि २०१८, दोन रेघा एकीखाली एक. लोक माना डोलवायला लागले. पुढं बसलेले तुझे सर हसत होते. माझ्या मनात आलं, हिनं माझं पत्र फाडून टाकलं असेल. खरं सांगतो, क्षणभर बरंही वाटलं, आणि लगेच त्या बरं वाटण्याची किळस आली.

मग तू म्हणालीस, "पेपरात आलेला हा निष्कर्ष चुकीचा आहे. २०१८ च्या नोंदी निरीक्षणाच्या नाहीत. त्या १३४० फसलीच्या वहीतून उतरवलेल्या आहेत. मी ताडून पाहिल्या नाहीत, ही माझी चूक." तुझे सर हसायचे थांबले. मागून कुणीतरी विचारलं, उतरवल्या कुणी? तू पाण्याचा ग्लास उचललास.

तू माझं नाव घेणार नव्हतीस. म्हणूनच मला उभं राहावं लागलं. काय बोललो ते मला नीट आठवत नाही, तुझी आई सांगते ते असं: "मी उतरवल्या. आणि २००३ पासून २०१८ पर्यंत आमच्या घरचा पाऊस मी मोजलेला नाही, या पोरीनं मोजलाय. मी नुसता लिहिणारा. ती गेली आणि मोजणं बंद पडलं, नंतरच्या वह्यांत बोटं नाहीतच." शाल घेतली नाही. ती तिथंच टेबलावर राहिली असेल, कुणाला तरी देऊन टाक.

तुझी पदवी लांबणार, हे तुझ्या सरांच्या तोंडावरून समजलं. माझ्यामुळं एक वर्ष, की दोन? मला विचारायचा धीर झाला नाही. मी क्षमा मागतो. जन्मात कुणाची मागितली नव्हती, त्यामुळं कशी मागतात ते माहीत नाही. शेषेरावाला मात्र सांगितलं. तो चिडला, मग म्हणाला, "बरं झालं, बी अजून घेतलं न्हवतं."

चहाच्या वेळी तू माझ्याजवळ आलीस. आईला मिठी मारलीस, मला नाही. माझ्याकडं बघून विचारलंस, "अप्पा, त्या चार महिन्यांतला एक तरी दिवस खरा हाय का? एकच सांगा. म्हणजे बाकीचे खोडता येतील." मी कप खाली ठेवला. लोक होते. तू थोडा वेळ थांबलीस आणि गेलीस.

आहे. एक दिवस आहे.

१६ ऑगस्ट २०१८, गुरुवार. वहीत मी त्या तारखेला लिहिलंय, 'ऊन. पाऊस नाही. दिवसभर दुकानात.' ते खोड आणि हे लिही.

त्या दिवशी मी शिरूरला नव्हतो. घरी सांगितलं की लातूरला माल बघायला जातो, आणि अहमदपूरला गाडी बदलून नांदेडला आलो. दीड वाजल्यापासून तुझ्या वसतिगृहासमोरच्या चहाच्या गाड्यावर बसलो होतो. वारा पश्चिमेचा. चारला आभाळ भरून आलं, सव्वाचारला पाऊस सुरू झाला. जोराचा. आदल्या दिवशीचे कागदी झेंडे रस्त्यावर भिजून पडले होते, गाडेवाला ते एकेक करून उचलत होता. पावणेसहाला तू बाहेर आलीस. बरोबर एक मुलगी, दोघींत एक छत्री, आणि छत्री सगळी तिच्याकडं, त्यामुळं तुझा डावा खांदा भिजत होता. तू माझ्यापासून दहा-बारा पावलांवरून गेलीस. मी उठून उभा राहिलो. हाक मारली नाही. सहा वाजून दहा मिनिटांनी पाऊस थांबला. मोजायला जवळ काही नव्हतं, म्हणून किती बोटं ते सांगता येत नाही.

तुझा,
अप्पा